पाव्हण्यांचा नमुना

धाकट्या बहिणीचा फोन आला तेव्हा मी जळगावला, आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत, मुलांवर ओरडत होते. ज्या चौकोनी काचेच्या कुपीत द्रव भरून प्रकाश मोजणाऱ्या यंत्रात ठेवतात तिला क्युवेट म्हणतात. तिच्या दोन बाजू खरखरीत असतात आणि दोन पारदर्शक. बोटं खरखरीत बाजूंनाच लावायची, हे मी इतकी वर्षं घसा फोडून सांगते आहे, तरी दरवर्षी कुणीतरी बहाद्दर पारदर्शक बाजूवरच अंगठा टेकवतो. अंगठ्याचा ठसासुद्धा प्रकाश अडवतो. आकडा वाढतो आणि मुलं तो चुकीचा आकडा बिनधास्त जर्नलमध्ये उतरवून मोकळी होतात. या एका गोष्टीवरून माझं डोकं जेवढं फिरतं तेवढं घरी दूध उतू गेल्यावरही फिरत नाही.

"अक्का," बहीण म्हणाली, "तुले औषधं कळतस ना? यासनी नळी तोंडमा धरीसन ओढी. थोडंसं पोटमा गयं."

"कसलं औषध?"

"गवतनं."

गवताचं औषध म्हणजे तणनाशक. बहिणीचं सासर शिरपूरकडे, तापीच्या काठाला. केळी आणि कापूस. तिचे यजमान म्हणजे माझे पाव्हणे. बहिणीच्या नवऱ्याला आमच्याकडे पाव्हणेच म्हणतात, लग्नाला कितीही वर्षं झाली तरी. त्यांनी मोठ्या कॅनमधून लहान डब्यात औषध काढायला प्लास्टिकची नळी घातली आणि ट्रॅक्टरमधलं डिझेल काढतात तशी तोंडानं ओढली. घोटभर तोंडात आलं. थुंकले, चूळ भरली, वर तांब्याभर ताक प्यायले आणि केळीत फवारायला गेले. घरात काही बोलले नाहीत, कारण बोलण्यासारखं काही घडलंय असं त्यांना वाटलंच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी जीभ सोलून निघाली तेव्हा कळलं. शिरपूरच्या डॉक्टरांनी कॅनवरचं नाव वाचलं आणि लगेच धुळ्याला हलवायला सांगितलं.

मी बहिणीला लेबलचा फोटो पाठवायला सांगितला. फोटो आला. त्यावर पॅराक्वाट असं लिहिलेलं होतं. मुलं माझ्याकडे बघत होती, मी त्यांना वर्गात जायला सांगितलं आणि स्टुलावर बसून राहिले. या विषावर उतारा नाही. ते पोटातून रक्तात जातं, रक्तातून फुप्फुसात जाऊन बसतं आणि तिथे सावकाश जाळत राहतं. माणूस तोवर शुद्धीवर असतो, बोलतो, हसतो, घरी जायचं म्हणतो. हे सगळं मला एकदम आठवलं आणि आठवलं याचाच राग आला.

पाव्हण्यांना कुणी मूर्ख म्हणालं तर मला खपत नाही. आमच्या वेळी पिपेट, म्हणजे द्रव मापायची काचेची नळी, तोंडानंच ओढायचे. पातळ केलेलं ॲसिड माझ्याही जिभेला लागलेलं आहे, आणि मीही थुंकून, चूळ भरून पुढचं टायट्रेशन केलेलं आहे. माझं नशीब एवढंच की माझ्या पिपेटमध्ये पॅराक्वाट नव्हतं.

मी धुळ्याच्या बसमध्ये बसण्याआधी बहिणीला एकच गोष्ट सांगितली. त्या कॅनमधलं थोडं औषध घट्ट झाकणाच्या बाटलीत घालून कुणाबरोबर तरी धुळ्याला पाठव. ती म्हणाली, आता ते कशाला? मी म्हटलं, मोजायला. तिला तेवढं पुरलं. मी मोजायला म्हटलं की घरात कुणी पुढे विचारत नाही.

हॉस्पिटल खाजगी होतं, जिन्याला फिनाईलचा वास होता आणि पाव्हणे खाटेवर मांडी घालून बसले होते. जीभ पांढरी पडलेली, ओठ फुटलेले, पण डोळे तेच चेष्टेखोर. मला बघून म्हणाले, "या आकडसासूबाई. मी ते चांगला शे. डॉक्टरसले काम नही, म्हनीसन माले झोपाडी ठेवेल शे." बायकोच्या मोठ्या बहिणीची थट्टा करायची नाही असा काही नियम असेल तर तो पाव्हण्यांना कुणी सांगितलेला नव्हता. मी नेहमीसारखं उलटून काहीतरी बोलायला हवं होतं. बहीण माझ्या तोंडाकडे बघत होती, म्हणून मी घाईघाईनं म्हटलं, "झोपायला तुम्हाला डॉक्टर कशाला लागतो?" ते हसले, आणि हसताना दुखलं म्हणून त्यांनी ओठावर हात ठेवला.

डॉक्टर तरुण होता, सरळ बोलणारा. त्यानं मला बाहेर बोलावलं. पोटातलं बांधून ठेवायला कोळशाची पूड दिली होती, रक्त धुणं सुरू केलं होतं, इंजेक्शनं चालू होती. पण आत नेमकं किती गेलं ते कळत नव्हतं, आणि सगळं त्यावरच होतं. रक्तातलं पॅराक्वाट मोजायची सोय धुळ्यात नव्हती. नमुना बाहेर पाठवायचा तर अहवाल यायला बराच वेळ लागणार.

"आमच्याकडे यूव्ही आहे," मी म्हटलं. स्पेक्ट्रोफोटोमीटरला प्रयोगशाळेत कुणी पूर्ण नावानं हाक मारत नाही. "मला नमुने द्या. मी करते."

"मॅडम, तो अधिकृत अहवाल धरता येणार नाही."

"मला कुठे फाइलला लावायचाय?"

त्यानं रक्तातून वेगळं काढलेलं सीरम दिलं. लघवीचा नमुना पाव्हण्यांनी स्वतः आणून माझ्या हातात ठेवला, वर रुमाल झाकून, मिठाईचा डबा द्यावा तसा. म्हणाले, लग्नात मानपानाचं काय राहिलं होतं ते आज फिटलं. बहीण त्यांच्यावर खेकसली आणि मग तोंडाला पदर लावून हसली. पाव्हणे आजारी आहेत हे त्या घटकेला तिला खरंच वाटत नव्हतं.

धुळे ते जळगाव मी पिशवीत गावाहून आलेली औषधाची बाटली आणि मांडीवर नमुन्यांचा बर्फाचा थर्मास घेऊन बसले होते. पारोळा गेलं, एरंडोल गेलं. शेजारच्या बाईनं विचारलं, कुल्फी आहे का? मी हो म्हटलं.

आता हे मोजणं काय असतं ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. पॅराक्वाट पाण्यात मिसळलं की दिसत नाही. त्यात थोडा अल्कली आणि डायथायोनाइट नावाची पांढरी पूड टाकली की ते निळं होतं. जेवढं विष जास्त तेवढी निळाई गडद. डोळ्याला गडद आणि फिकं एवढंच कळतं, म्हणून यंत्र लागतं. यंत्र एका बाजूनं प्रकाश सोडतं, दुसऱ्या बाजूला किती पोचला ते बघतं, आणि मध्ये किती गिळला गेला त्याचा आकडा देतं. त्याला शोषण म्हणतात. आधी माहीत असलेल्या ताकदीचे नमुने करून त्यांचे आकडे घ्यायचे, मग आपल्या नमुन्याचा आकडा त्यांच्याशी ताडून बघायचा. म्हणून मला त्या कॅनमधलं औषध हवं होतं, त्याची ताकद लेबलवर छापलेली असते. ज्यानं पाव्हण्यांना पोळलं त्याच्यावरूनच माप काढायचं होतं. आणि आणखी एक लागतो, ज्याला ब्लँक म्हणतात, म्हणजे ज्यात ते द्रव्य मुळीच नाही असा नमुना. ब्लँक म्हणून मी माझी स्वतःची लघवी घेतली.

माझ्या नळीत पूड टाकली. पिवळी ती पिवळीच राहिली. पाव्हण्यांच्या नळीत पूड टाकली आणि नळी निळी झाली, इतकी गडद की पलीकडची खिडकी दिसेना. यंत्राची गरजच नव्हती.

तरी मी यंत्रात घातली. आकडा यंत्राच्या पल्ल्याबाहेर गेला. इतका गडद द्रव असला की पलीकडे प्रकाशच पोचत नाही आणि यंत्र काय वाटेल ते दाखवतं, हे मी मुलांना शिकवते. त्या दिवशी मात्र मी स्वतःला म्हटलं, बघ, यंत्र बिघडलंय. क्युवेट पुसली. दुसरी घेतली. पुडीचा नवा डबा फोडला. दिवा बदलून बघितला. अल्कलीचं द्रावण पुन्हा केलं. मग नमुना पातळ केला, आणखी पातळ केला, आणि एवढा पातळ केल्यावर जेव्हा यंत्र नीट आकडा द्यायला लागलं तेव्हा मला रडू फुटलं. इतकी वर्षं मी चुकीच्या आकड्यांवर चिडत आले. त्या दुपारी एखादा चुकीचा आकडा मिळावा म्हणून मी देवाच्या हातापाया पडत होते, आणि सगळे आकडे बरोबर येत होते.

सीरमचंही तेच. विष पोटात गेल्याला किती वेळ झाला आणि रक्तात किती आहे, यांवरून माणूस वाचेल का ते दाखवणारी एक रेषा पुस्तकात छापलेली असते. ठिपका रेषेच्या खाली पडला तर आशा. मी पेन्सिलीनं ठिपका दिला. तो रेषेच्या इतका वर होता की पट्टी लावायची गरज नव्हती. मी डॉक्टरला फोन करून आकडा सांगितला. तो म्हणाला, "मला अंदाज होताच, मॅडम. प्रयत्न चालू ठेवू. एक लक्षात ठेवा, श्वास लागला तरी ऑक्सिजन शक्यतो द्यायचा नाही. तुम्ही केमिस्ट्रीच्या आहात, घरच्यांना तुम्हीच समजावून सांगा."

मला कारण माहीत होतं. फुप्फुसात हे विष ऑक्सिजनला चेतवतं आणि तो ऑक्सिजन फुप्फुसालाच जाळतो. विष मात्र संपत नाही, पुन्हा होतं तसं होतं आणि पुन्हा चेतवतं. जेवढा ऑक्सिजन जास्त तेवढी जाळपोळ जास्त. माहीत असणं सोपं होतं. सांगायचं कुणाला होतं ते डॉक्टरला माहीत नव्हतं.

बहिणीची सासू कोरोनात गेली होती. ऑक्सिजनची खाट मिळावी म्हणून आबा, म्हणजे बहिणीचे सासरे, तिला गाडीत घालून शिरपूर, धुळे, पुन्हा शिरपूर असे फिरले होते आणि ती गाडीतच गेली. त्यानंतर गावानं मिळून हवेतून ऑक्सिजन काढणारं एक यंत्र घेतलं. ते पंचायतीच्या खोलीत पांढऱ्या कापडाखाली झाकलेलं असतं आणि पोळ्याला त्यालाही हळद-कुंकू लागतं. त्या घरातल्या माणसांना मी सांगणार होते की तुमच्या मुलाला ऑक्सिजन देऊ नका.

मी परत गेले तोवर पाव्हण्यांची लघवी कमी झाली होती आणि जिना चढून आल्यासारखा दम लागत होता. आबांनी घरून बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आणलं होतं. कोरोनापासून आमच्याकडे ते घरोघरी आहे. बोटातून लाल प्रकाश जातो, रक्त त्यातला किती गिळतं त्यावरून आकडा येतो. माझ्या यूव्हीचंच ते धाकटं भावंड, पण हे मी कुणाला सांगत बसले नाही. आबांना आकड्याचा अर्थ पाठ होता. त्र्याण्णव म्हणजे काळजी, नव्वदच्या खाली म्हणजे धावपळ. ते दर थोड्या वेळानं पाव्हण्यांचं बोट धरायचे आणि आकडा उतरलेला दिसला की नर्सकडे जायचे. नर्स डॉक्टरकडे पाठवायची, डॉक्टर नाही म्हणायचा.

"मन्ही बायको अशीच गयी," आबा मला म्हणाले. "ऑक्सिजन ऑक्सिजन करत गयी. तवय मिळना नही. आते आठे भरेल शे, नि हाऊ मानूस देत नही."

तोंडी सांगून ते पटणार नाही हे मला दिसत होतं. म्हणून मी शिकवण्याचा माझा नेहमीचा मार्ग धरला. निघताना मी पाव्हण्यांच्या नमुन्याची पातळ केलेली निळी नळी बूच घट्ट लावून, काठोकाठ भरून, पिशवीत घेतली होती. हवा आत गेली नाही तर निळाई टिकते. हवा घालून हलवली तर निळाई जाते, कारण विष ऑक्सिजनला चेतवून स्वतः पुन्हा बिनरंगाचं होतं. नळी स्थिर ठेवली की उरलेल्या पुडीमुळे निळाई परत येते. पुन्हा हलवली की पुन्हा जाते. मुलांना हा प्रयोग फार आवडतो. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की माणसाला कळतंच, विष तिथेच आहे, हवेनं ते मरत नाही, उलट हवेला पेटवतं.

सकाळची वेळ होती. हॉस्पिटलच्या आवारात कडुनिंबाखाली बाकावर आबा, बहीण आणि तिचा थोरला दीर बसले होते. मी नळी वर धरली. सांगितलं, हे पाव्हण्यांच्या अंगातलं विष आहे. बहीण एकदम मागे सरकली. मी बूच काढलं, थोडं ओतून टाकलं, अंगठा लावला आणि नळी जोरात हलवली. निळाई गेली. नळीत साधं पाणी दिसायला लागलं.

"थांबा हं," मी म्हटलं, "आता बघा, ती परत येईल."

आबा थांबले नाहीत. ते उभेच राहिले. "देखा! बठ्ठं गयं! हवा लागताच बठ्ठं इख गयं!"

"आबा, सगळं काय, थोडंसुद्धा विष गेलं नाही, फक्त रंग गेला. थोडं थांबा. परत येतं."

मी नळी स्थिर धरून उभी राहिले. सगळे नळीकडे बघत होते. रंग परत येईना. मी नळी उन्हाकडे धरली, सावलीकडे धरली. मग माझ्या लक्षात आलं की ती पूड हवेनं आणि वेळानं मरते. जळगावहून इथवर येईपर्यंत नळीतली पूड संपत आली होती, आणि उरलीसुरली त्या एका हलवण्यात संपली. निळाई परत यायला नवी चिमूटभर पूड टाकायला हवी होती आणि पूड जळगावला कपाटात होती. माझ्या हातात एक स्वच्छ, बिनरंगाची नळी होती आणि ती मी सांगितलेल्याच्या बरोबर उलट सांगत होती.

आणि खरं सांगते, त्या क्षणी मलाही वाटलं की गेलं असेल. काय सांगावं, आबा बरोबर असतील. मला, जिनं तो ठिपका स्वतःच्या हातानं दिला होता, तिला तसं वाटलं.

दुपारी गावाहून पिकअपमधून ते यंत्र आलं, पांढऱ्या कापडासकट. बरोबर गावातली चार माणसं. डॉक्टर चिडला, माणसं त्याच्यावर चढली, नर्सनं खोलीचं दार लावून घेतलं. आबा म्हणाले, तुम्ही लावत नसाल तर आम्ही पेशंट घरी नेतो, घरी लावू. बहिणीनं माझा हात धरून मला डॉक्टरसमोर नेलं.

"सांग ना यासले. तूच ते दखाडं ना? हवा लागनी नि गयं. आते तूच नही म्हनस?"

मी ऑक्सिजन नको म्हटलं. मी पुन्हा सगळं सांगायला लागले, पूड, रंग, फुप्फुस, आणि माझं बोलणं मलाच खोटं वाटायला लागलं. बहिणीनं माझा हात सोडला.

"तुन्हा नवरा आठे खाटवर ऱ्हाता ते अशीच करती का?"

मी दारात उभी राहिले. यंत्र आत नेऊ दिलं नाही, पाव्हण्यांना बाहेर काढू दिलं नाही. मी मोठ्यानं ओरडत होते आणि काय ओरडत होते ते मला आता आठवत नाही. गावातल्या एका माणसानं मला बाजूला करायला हात पुढे केला तेव्हा आतून पाव्हण्यांची हाक आली. "अक्काले आत येऊ द्या. एकटीले."

ते उशीला टेकून बसले होते. बोलताना मध्येमध्ये थांबत होते. त्यांनी मला स्टूल दाखवलं.

"अक्का, तू मोजं ना? कितलं उनं?"

मी खोटं बोलायचं ठरवून आले नव्हते आणि खरं बोलायचंही ठरवून आले नव्हते. किती आलं असं त्यांनी थेट विचारल्यावर माझ्या तोंडून खरंच निघालं. "जास्त उनं, पाव्हणे. फार जास्त."

त्यांनी विचारलं की ऑक्सिजन लावला तर लवकर होईल का. मी मान हलवली. नाही लावला तर वाचेन का, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांना हिशोब कळला होता. मी रडत होते आणि मला त्याची लाज वाटत होती, कारण रडण्याची पाळी माझी नव्हती.

"तिले सांगू नको आते," ते म्हणाले. "ती रडस ते माले जास्तच दम लागस."

मग त्यांनी आबांना आणि बहिणीला आत बोलावून सांगितलं, "माले नको ते मशीन. नाकमा खुपस." आबा त्यांच्यासमोर हात जोडून उभे राहिले तरी त्यांनी ऐकलं नाही. म्हणाले, मी बरा होतोय, हे बाहेर ठेवा, लागलं की सांगतो. यंत्र व्हरांड्यात, भिंतीशी, कापडाखाली राहिलं. गावातली माणसं परत गेली.

ते दिवस पाव्हण्यांनी स्वतःच्या छातीतून ओढून काढले. मी कॉलेजातून रजा घेतली होती. बहीण माझ्याशी बोलत नव्हती. डबा आला की सगळ्यांना वाढायची, माझं ताट बाकावर ठेवून जायची. तिनं तिच्या जावेला सांगितलेलं मी ऐकलं, की हिच्यामुळे यांनी नाही म्हटलं, हिनं आत जाऊन यांच्या मनात काय भरवलं कोण जाणे. मी ते ऐकून घेतलं. तिला खरं सांगितलं असतं तर माझी सुटका झाली असती, आणि मला माझ्या सुटकेची किती हाव सुटली होती ते मलाच माहीत. कितीदा तिच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि पाणी हवंय का विचारून परत आले. पाव्हणे तिला केळीच्या घडांचं सांगत, कोणता प्लॉट आधी कापायचा, मजूर कुणाला बोलवायचे. ती म्हणायची, घरी आल्यावर तुम्हीच बघा ना. ते म्हणायचे, तरी ऐकून ठेव.

बोटावरचा आकडा रोज उतरत होता. नव्वदच्या खाली आला, मग आणखी खाली. पाव्हण्यांचे ओठ काळसर दिसायला लागले आणि वाक्यं संपली, नुसते शब्द राहिले. एका सकाळी डॉक्टरनं छातीचा फोटो उजेडाला धरून बघितला, खाली ठेवला आणि मला व्हरांड्यात गाठलं.

"आता सुरू करू ऑक्सिजन."

"आता?" मी विचारलं.

"आता दिला काय, न दिला काय, मॅडम. निदान त्यांना गुदमरल्यासारखं कमी होईल."

तो आत गेला आणि त्यानं सगळ्यांदेखत नर्सला मास्क लावायला सांगितलं. बहिणीला क्षणभर कळलंच नाही. मग तिनं दोन्ही हात कपाळाला लावले. आबा भिंतीला धरून खाली बसले आणि रडायला लागले, जसं माणूस मोठं संकट टळल्यावर रडतो. दीर फोन घेऊन बाहेर धावला आणि व्हरांड्यातून त्याचा आवाज आत येत राहिला, "लागना ऑक्सिजन! हो, लागना! आते चिंता नही!"

मास्कखाली पाव्हण्यांची छाती थोडी हलकी झाली. त्यांनी डोळे उघडले, आधी बहिणीकडे बघितलं, मग माझ्याकडे. माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. बहिणीनं त्यांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावलं आणि तो लाल दिवा लुकलुकायला लागल्यावर, इतक्या दिवसांनी पहिल्यांदा, माझा दंड धरून मला खाटेजवळ ओढलं. तिचे डोळे वाहत होते आणि ती हसत होती.

"अक्का, तू वाच. तुले बरोबर वाचता येस. जोरमा वाच, आबाले ऐकू जाऊ दे."

मी वाकून बघितलं. आकडा चढत होता. सत्त्याऐंशी, नव्वद, त्र्याण्णव. यंत्र नीट चालत होतं, आकडे खरे होते.

"शहाण्णव," मी म्हटलं.

तिनं मला घट्ट मिठी मारली. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाली, जाऊ दे अक्का, झालं गेलं, मी तुला काय काय बोलले. आबा जमिनीवरूनच विचारत होते, कितलं, कितलं? मी तिला तशीच धरून पुन्हा एकदा, मोठ्यानं, आकडा वाचला.